एकाच कंपनीचं डिझाइन वर्षानुवर्षं करताना नवं कुठून सुचतं?

रेषाळ

नमस्कार मंडळी. मी चाकणजवळच्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत ग्राफिक डिझायनर आहे. मार्केटिंगमध्ये डिझाइन करणारी मी एकटीच. कॅटलॉग, डीलरच्या दुकानावरचे बोर्ड, पंपाच्या खोक्यावरची छपाई, कृषी प्रदर्शनातला स्टॉल, सुरक्षा सप्ताहाची पोस्टरं, दसरा-दिवाळीच्या शुभेच्छा, सगळं माझ्या हातून जातं. लोगो ठरलेला, निळा आणि नारिंगी ठरलेले, फाँट ठरलेला. काम मला आवडतं आणि माणसंही चांगली आहेत, तेव्हा तक्रार करायला हा धागा काढलेला नाही.

प्रश्न असा, की त्याच त्या पंपाचं दरवेळी नव्याने काय करायचं? एजन्सीतल्या मैत्रिणी आज बिस्किटं करतात, उद्या विमा, परवा एखादं नाटक. गिऱ्हाईक बदललं की डोक्यातली हवाही बदलते. माझं गिऱ्हाईक एकच, आणि ते शेजारच्या केबिनमध्ये बसतं. पिंटरेस्ट आणि बिहान्स या डिझाइनची कामं दाखवणाऱ्या साइट रोज बघते. तिथली कामं देखणी असतात, पण तसं काही पंपाला लावलं की ते कुठल्याही कंपनीचं वाटायला लागतं. मागच्या प्रदर्शनात आमच्या समोरच्या स्टॉलवर अगदी आमच्यासारखाच ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात विरत जाणारी छटा) आणि तशाच पाण्याच्या लाटा होत्या. दोघांनी एकाच ठिकाणी पाहिलं असणार.

कंपनी, बँक, दवाखाना, साखर कारखाना, विद्यापीठ अशा एकाच ठिकाणी डिझाइन करणाऱ्यांनी सांगा ना, तुम्ही कुठे पाहता?

सांगवीकर

मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत हेच काम करतो, त्यामुळे प्रश्न अगदी जवळचा आहे. माझ्यापुरतं उत्तर म्हणजे पुण्यातलं केळकर संग्रहालय. तिथे अडकित्त्यांचं दालन आहे ना, तिथे जाऊन उभा राहतो. वस्तू एकच, काम एकच, सुपारी कातरायची. दोन दांडे आणि एक खीळ, त्यात बदल करायला वावच नाही. तरी कुणी त्याची घोड्यांची जोडी केली, कुणी पोपट, कुणी स्त्री-पुरुष. त्या कारागिरांनाही विषय बदलून मिळत नव्हता.

थेट_बोलतो

सगळं मान्य, पण एक बोलतो. आपल्याला सुचत नाही हे अर्धसत्य आहे. सकाळी अकराला मेल येतो, संध्याकाळी पाचला स्टँडी (उभा जाहिरात फलक) छापायला जायला हवी. मजकूर दुपारी दोनपर्यंत येत नाही. आला की त्यात चौदा मुद्दे आणि सगळे महत्त्वाचे. संग्रहालय पाहून येणाऱ्याच्याही हातात शेवटी तीन तास उरतात. आधी काम मागायची पद्धत सुधारा. सुचण्याचं पुढे बघू.

मृण्मय_कोल्हापूर

थेट_बोलतो, वेळेचं दुखणं खरं आहे, पण दोन्ही गोष्टी वेगळ्या मानू नका असं वाटतं. मी एका सहकारी बँकेत आहे. ज्या कामांना 'काय त्यात डिझाइन' म्हणतात त्यांवर माझा जीव आहे: पैसे भरायची स्लिप, खातं उघडायचा अर्ज, पासबुकाचं कव्हर. ही कामं घाईची नसतात आणि कुणी त्यांच्यात लुडबुडही करत नाही.

एअर इंडियाचा महाराजा आठवा. १९४६ मध्ये बॉबी कूका या कंपनीतल्याच अधिकाऱ्याने तो कल्पिला आणि जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरात संस्थेच्या उमेश राव यांनी चितारला. कशासाठी? विमानात द्यायच्या टिपणवहीसाठी. जाहिरात मोहीम नव्हती, बोधचिन्ह शोधा असा हुकूम नव्हता. वहीच्या कोपऱ्यातला तो मिशाळ गृहस्थ पुढे जगभर कंपनीचा चेहरा झाला. कुणी मोठ्या बैठकीत 'आपल्याला शुभंकर हवा' म्हणून सुरुवात केली असती तर इतका मोकळा माणूस निघाला नसता असं माझं ठाम मत आहे.

आमच्या पैसे भरायच्या स्लिपमध्ये मी नोटांचा तपशील लिहायची चौकट मोठी केली, कारण काउंटरवर उभं राहून पाहिलं तर म्हातारी माणसं तिथेच अडत होती. त्या चौकटींचं जाळं पुढे आमच्या वार्षिक अहवालाचं ग्रिड, म्हणजे पानं मांडायचा आराखडा, झालं. ते कुठल्याही वेबसाइटवर मिळालं नसतं.

खिळेजुळारी

रेषाळताई, मी डिझायनर नाही. उमेदीची वर्षं छापखान्यात गेली, आधी खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवले, ऑफसेट आल्यावर पेस्टिंग, म्हणजे मजकूर-चित्रं कापून पानावर चिकटवायचं काम, केलं. पण तुमचा प्रश्न वाचल्यावर पहिल्यांदा किर्लोस्करवाडी आठवली.

तो कारखाना १९१० मध्ये माळरानावर उभा राहिला. माल म्हणजे लोखंडी नांगर, उसाचे चरक, पुढे पंपसुद्धा. १९२० मध्ये तिथून 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं, कारखान्याची आणि मालाची खबर लोकांना कळावी म्हणून. ते काढणारे शंकरराव किर्लोस्कर हे चित्रकलेचं शिक्षण घेतलेले गृहस्थ, व्यंगचित्रंही काढायचे. म्हणजे आजच्या भाषेत कंपनीतलाच डिझायनर. त्या पत्रकाचं पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं, १९३० मध्ये 'स्त्री' आलं, १९३४ मध्ये 'मनोहर'. मराठी मध्यमवर्गाने दोन पिढ्या वाचलेली मासिकं नांगराच्या कारखान्याच्या खबरपत्रातून निघाली.

माझ्या मते गोम इथे आहे. नांगराचं चित्र किती तऱ्हांनी काढणार? पण नांगर घेणारा कोण, त्याच्या घरात कोण आहे, त्याला काय वाचावंसं वाटतं, हे पाहायला लागलात तर संपत नाही. तुमच्या पंपाच्या पलीकडे एक विहीर आहे. रात्रीची लाइट आली म्हणून बॅटरी घेऊन बांधावरून जाणारा माणूस आहे. स्टार्टरची ती हिरवी आणि लाल बटणं आहेत. हे तुमच्या कॅटलॉगात कधी येऊन गेलंय का? नसेल तर तुमच्याकडे विषय पडून आहेत.

आणि एक काम करा. कंपनी जुनी असेल तर स्टोअरमध्ये किंवा अकाउंट्सच्या माळ्यावर जुने कॅटलॉग असतातच. शोधा.

राईनकाठी

मी जर्मनीत यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत डिझायनर आहे. इथेही हाच प्रश्न दुपारच्या जेवणात निघतो. खिळेजुळारी काकांच्या मुद्द्याला जोड देतो.

लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा सगळ्यांनी पाहिलेला आहे. तो हॅरी बेकने १९३१ मध्ये आखला. तो तिथल्या सिग्नल विभागातला ड्राफ्ट्समन. कलाविभागाशी त्याचा संबंध नाही, कुणी काम दिलेलंही नाही. आडव्या, उभ्या आणि तिरक्या, एवढ्याच रेषा, आणि जमिनीवरची खरी अंतरं बाजूला ठेवलेली. आधी तो नाकारला गेला. १९३३ मध्ये खिशात मावेल असा छापला आणि लोकांनी उचलून धरला. तांत्रिक आराखडे काढणाऱ्या माणसाची नजर त्यात स्पष्ट दिसते. त्याच इमारतीतल्या दुसऱ्या टेबलावरची भाषा प्रवाशांच्या कागदावर आली, एवढंच घडलं.

दुसरं उदाहरण ऑलिव्हेट्टी या इटालियन कंपनीचं. जोव्हानी पिंतोरी १९३६ ते १९६७ त्या एकाच कंपनीत होता. टाइपरायटर आणि गणकयंत्रं, विषय एवढाच. त्याची पोस्टरं बघा. कित्येकांत यंत्राचा फोटो मोठा नाहीच. नुसते आकडे, किंवा आतल्या यांत्रिक हालचालीच्या रेषा. तो यंत्राच्या आत पाहत होता. रेषाळ, तुम्ही पंपाच्या आत पाहिलंय का? विनोदाने विचारत नाही. कापून ठेवलेला मॉडेल पंप ट्रेनिंग रूममध्ये असतो, त्याच्यासमोर वही घेऊन बसा.

रंगीत_खडू

वारली वापरून बघितलं का? शेतकऱ्याशी संबंध आहे, लोकांना आवडतं, निळ्या-नारिंगीत छान दिसेल.

पालघरची_पोर

रंगीत_खडू, राग मानू नका, पण इथे थांबवते. वारली म्हणजे काडीची माणसं आणि फेर धरलेले नाच एवढंच नसतं. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात, आणि लग्नाचा चौक सुवासिनी काढतात, त्यात पालघट देवी असते. जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणि जगापुढे नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे लोक चित्रकारांची नावं विचारायला लागले. तयार व्हेक्टर उतरवून पंपाभोवती नाचवायचं असेल तर नका करू. मनापासून हवी असेल तर आमच्याकडच्या चित्रकाराला बोलवा, तुमचा पंप आणि विहीर दाखवा, मोबदला द्या, कॅटलॉगात नाव छापा. मग जे होईल ते कदाचित तुमच्या ब्रँडच्या चौकटीत बसणार नाही. तेही कंपनीने आधीच मान्य केलेलं असू दे.

रंगीत_खडू

पटलं. लग्नचौकाबद्दल माहीत नव्हतं.

तळकोकणी

ठरलेले रंग आणि ठरलेला आकार याबद्दल लिहितो, कारण बहुतेकांना ती अडचण वाटते आणि मला ती वाटत नाही.

सावंतवाडीला राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, रंगवणारे बसतात. राजघराण्याने ही कला मरताना सावरली. दशावतारी गंजिफाचा जोड १२० पानांचा. दहा अवतार म्हणजे दहा रंग, प्रत्येकात बारा पानं: राजा, प्रधान, आणि एक ते दहा. पान गोल, तळहातात मावणारं. कागद किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, वर लाखेचा लेप. राजा आणि प्रधानाच्या पानांवर अवतार, रथ, सेवक असं सगळं असतं आणि पर्यटक तेच पाहतात. तुम्ही अंकांची पानं पाहा.

मत्स्याच्या रंगात चिन्ह मासा. एका पानावर एक मासा, दुसऱ्यावर दोन, असं दहापर्यंत. गोल तोच, जमिनीचा रंग तोच, मासाही तोच. सात मासे एका लहान गोलात कसे बसवणार? मधे एक आणि भोवती सहा फिरते? की दोन ओळी आणि एक एकटा? नऊ झाले की प्रत्येक मासा बारीक करावा लागतो, मग शेपटीचे दोन फटकारे एकाच फटकाऱ्यात आणावे लागतात. खेळणाऱ्याला मात्र क्षणात कळलं पाहिजे की हे नऊ आहेत, आठ नाहीत. मग हेच कासवाला, हेच परशूला. परशू लांबट, तो गोलात माशासारखा वळत नाही, तर दांड्याची दिशा बदलून जागा काढायची. सगळी रचना त्या अंकांच्या पानांत आहे, राजाच्या पानात सजावट आहे.

तुमच्याकडे किती मॉडेलं आहेत पंपाची? ती एका कागदावर कशी मांडता, एवढाच प्रश्न घेऊन बसा. 'वेगळं काहीतरी' हा प्रश्नच नको.

रेषाळ

हे मी छापून टेबलासमोर लावते आहे. माशाच्या शेपटीचं विशेष.

फाँटवेडा

एक व्यावहारिक सूचना, बहुतेकांना किरकोळ वाटेल. मराठी कॅटलॉग आधी करा, इंग्रजी नंतर.

सगळीकडे उलटं चालतं. इंग्रजी मांडणी पक्की होते, साहेबांची सही होते, मग त्याच चौकटीत मराठी कोंबलं जातं. मराठीला वरच्या मात्रा आणि खालचे उकार, दोन्हीकडे जागा लागते, ओळींमधलं अंतर वाढवावं लागतं, आणि ते वाढवायला जागाच उरलेली नसते. मग अक्षर बारीक होतं. पण वाचणारा शेतकरी आणि डीलर मराठी पानच उघडणार आहे! मराठीपासून सुरुवात केली की अख्ख्या पानाचा तोल बदलतो. शिरोरेघ ही एक आडवी ताकद आहे, तिच्यावर चित्र टेकवता येतं, तिच्यातून पाइप काढता येतो. लॅटिन अक्षरांत ही सोयच नाही.

ज्यांना कंपनीत राहून काय करता येतं अशी शंका आहे त्यांनी कमल शेडगे यांची अक्षरं पाहावीत. ते टाइम्स ऑफ इंडियाच्या कलाविभागात नोकरीला होते. रोजच्या नोकरीबरोबर मराठी नाटकांच्या जाहिरातींची अक्षरं त्यांनी रेखली आणि प्रत्येक नाटकाचा स्वभाव वेगळा उमटला. वर्तमानपत्रातली ती काळी-पांढरी, लहानशी जागा. रंग नाही, फोटो नाही, नावाची चार-पाच अक्षरं. आणि र. कृ. जोशी! जाहिरातीतून आलेले, विंडोजमधला मंगल फाँट त्यांचाच. ते अक्षराकडे पाहायला शिकवत. आज 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या गटाचे मुक्ता, बलू, मोदक हे फाँट फुकट मिळतात. मोदक तर इतका जाडा आहे की आतल्या पोकळ्या नुसत्या फटी राहतात, खोक्यावर दहा फुटांवरून वाचता येईल.

सांगवीकर

फाँटवेडा, इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये माझी वेलांटी चुकीच्या बाजूला जाते आणि रफार तुटतो. कोरल या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून करून आणतो मग. उपाय?

फाँटवेडा

पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत जाऊन कंपोझर 'वर्ल्ड-रेडी' करा. इलस्ट्रेटरमध्ये टाइपच्या प्रेफरन्समध्ये भारतीय लिप्यांचे पर्याय चालू करा. फाँट युनिकोडच घ्या. युनिकोड नसलेल्या जुन्या श्रीलिपी फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर असेल तर आधी रूपांतर करून घ्या आणि मग जोडाक्षरं एकदा डोळ्यांनी तपासा, रूपांतरात 'र'ची भानगड हमखास होते. छापायला देताना आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करून, द्या, पण मूळ फाइल जपून ठेवा.

थेट_बोलतो

वाचतोय सगळं. मृण्मय यांची स्लिप आणि गंजिफाचं उदाहरण पटलं. तरी विचारतो, हे साहेबांच्या गळी कसं उतरवायचं? शेवटी ते म्हणणार, 'अमुक कंपनीसारखं करा.'

मृण्मय_कोल्हापूर

मी दाखवताना 'मला असं सुचलं' म्हणत नाही. काउंटरवरचा फोटो दाखवतो, मग स्लिप. आमच्या चेअरमननी गंजिफा किंवा ऑलिव्हेट्टी पाहिलेलं नाही, आणि पाहायची गरजही नाही. पण स्वतःची शाखा त्यांना लगेच ओळखू येते. जे त्यांच्या घरातलंच आहे त्याला ते सहसा नाही म्हणत नाहीत.

रेषाळ

मंडळी, प्रगती सांगते. राईनकाठी यांचं ऐकून प्लांटमध्ये गेले, वही घेऊन, कामाशिवाय.

आधी पॅटर्न शॉप. ओतकामासाठी साचा पाडायचा असतो त्याचे लाकडी नमुने तिथे फळीवर रचलेले आहेत. आणि ते रंगवलेले आहेत! लाल, पिवळा, काळा. मला वाटलं हौस म्हणून. तिथले काका म्हणाले, कुठला भाग पुढे मशीनवर कापायचा, कुठला तसाच ओबडधोबड राहणार, कुठे कोअर (आतली पोकळी राखणारा गाभा) बसणार, हे रंग बघून कळतं. व्होल्यूट केसिंगचा, म्हणजे पंपाच्या कवचाचा, नमुना हातात घेतला, शंखासारखी वळत वळत रुंद होत जाणारी वाट. आमच्या सगळ्या कॅटलॉगात पंप बाहेरून, निळ्या रंगात चकाकणारा. ही आतली वाट एकदाही छापलेली नाही.

मग टेस्टिंग. प्रत्येक पंप टाकीवर चढवून तपासतात. किती उंचीला किती पाणी, याचा कर्व्ह निघतो. डावीकडे वर सुरू होऊन उजवीकडे उतरत जाणारी रेघ. आमच्या कॅटलॉगात हे आलेख मागच्या पानांवर बारीक छापतात, कुणी बघायचं म्हणून नाही, असावेत म्हणून. तळकोकणींचा मासा डोक्यात होताच. सगळ्या मॉडेलांचे कर्व्ह एकाच मापावर, एकावर एक ठेवले. डोंगरउतारासारख्या रेघा तयार झाल्या, काही सपाट, काही कड्यासारख्या. आणि ती नुसती शोभा नाही! विहिरीची खोली डावीकडे शोधायची, आडवं जायचं, ज्या रेघेला बोट लागेल तो आपला पंप. डीलर आता हे तोंडी समजावून सांगतो, त्याच्या काउंटरवर हा एक कागद असेल तर? निळ्या-नारिंगीतच केलंय, तिसरा रंग लागला नाही. शिरोरेघेच्या उंचीवर शून्याची पातळी घेतली आहे, फाँटवेडा, ते तुमच्यासाठी.

टेस्टिंगच्या सरांनी मापं तपासून दिली, दोन ठिकाणी माझी रेघ चुकीच्या मॉडेलला जोडली होती ती दुरुस्त केली. इतकी वर्षं आम्ही एका आवारात आहोत आणि कधी बोललो नव्हतो. साहेबांनी अजून पाहिलेलं नाही, मृण्मय यांच्या पद्धतीने टाकीचा फोटो आधी दाखवणार आहे.

राईनकाठी

वाह! आडव्या मापाला लिटर प्रति मिनिट घेताय की सेकंद? शेतकरी तासाच्या हिशोबाने बोलत असेल तर बघा.

रेषाळ

सरांनी सेकंद सांगितलं होतं. पण तुमचं खरं आहे, डीलरला विचारते. दोन्ही मापं देता येतील, एक वर, एक खाली.

खिळेजुळारी काका, माळ्यावर गेले होते. जुने कॅटलॉग आहेत, वाळवी लागलेले काही, बरेच शाबूत. आणि एका खोक्यात लाकडावर ठोकलेले धातूचे ब्लॉक मिळाले, पंपाची रेषाचित्रं, उलटी. काही काळे झालेत. याचे ठसे घरी काढता येतील का? साफ कसे करू?

खिळेजुळारी

ताई, जपून. ते जस्ताचे लाइन ब्लॉक दिसतायत. पाण्यात अजिबात बुडवू नका, लाकडी बूड फुगतं आणि पत्रा सुटतो. मऊ फडक्याला थोडं रॉकेल लावून वाळलेली शाई हळूहळू पुसा, खिडकी उघडी ठेवा. रेघांच्या कोनात अडकलेली शाई जुन्या दात घासायच्या ब्रशने काढा. तारेचा ब्रश लावलात तर बारीक रेघा कायमच्या जातील.

शाई लेटरप्रेसची मिळाली तर उत्तम, नाहीतर लिनोकटची चालते. काचेवर चिमूटभर घेऊन रबरी रोलरने पातळ ओढा, जाड थर दिला की रेघा बुजतात. कागद न चकाकणारा, जरा मऊ. तो ब्लॉकवर ठेवून एका हाताने दाबून धरा आणि चमच्याच्या पाठीने मधून कडेला घासा. एक कोपरा उचलून बघा, फिकं वाटलं तर पुन्हा टेकवून घासा, कागद सरकू देऊ नका. ठिपक्यांचा ब्लॉक असेल, म्हणजे फोटोचा, तर तो हाताने नीट उठणार नाही. त्याला यंत्राचा सारखा दाब लागतो. पंचिंग आणि नंबरिंगसाठी ट्रेडल हे जुनं छपाईयंत्र ठेवलेले छापखाने अजून सापडतात, तिथे विचारा. ब्लॉकची उंची खिळ्याएवढी, सुमारे २३.३ मिलिमीटर, असायला हवी. बूड झिजलं असेल तर खाली कागदाची पट्टी लावतात, ते ट्रेडलवाल्याला माहीत असतं.

प्रत्येक ब्लॉकच्या बाजूला पेन्सिलीने काही लिहिलंय का ते पुसायच्या आधी बघा. मॉडेलचा नंबर किंवा ब्लॉक मेकरचं नाव असतं. त्याचा फोटो काढून ठेवा, आणि इथेही टाका.